निरोगी गटातली सगुणा

धाकट्या बहिणीला मानसिक आजाराच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं हे कळलं तेव्हा सगुणाला आधी बरं वाटलं. हे तिने स्वतःच पुढे कधीतरी, माशांची पाटी रिकामी झाल्यावर, बाजारातल्या शेजारणीला सांगितलेलं आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. बरं वाटलं ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा हेवा वाटायला लागला, आणि तो आधीपेक्षा वाईट होता.

सगुणा ठाणे पूर्वेच्या कोळीवाड्यातली. बाप गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि मंजुळा सात. आई आवडाबाईबरोबर पाटी घेऊन बसायला कुणीतरी हवं होतं, म्हणून सगुणाची शाळा सुटली आणि मंजुळाची राहिली. त्यावर कधी बोलणं झालं नाही. एके दिवशी आईने सगुणाच्या हातात कोयता दिला आणि मासा कसा कापायचा ते दाखवलं, एवढंच. संध्याकाळी मंजुळा उंबऱ्यावर बसून मोठ्याने कविता पाठ करायची. हाताचा वास जात नाही म्हणून हात पाठीमागे धरून सगुणा ती ऐकत उभी राहायची. सगळ्या कविता तिलाही पाठ झाल्या. पण तिला त्या म्हणायला कुणी सांगितलं नाही.

सगुणाचं लग्न वाड्यातच झालं. नवरा धाकू खाडीत होडी घालायचा. ऐंशी सालानंतर खाडीच्या बोय माशाला रॉकेलचा वास यायला लागला. गिऱ्हाईक मासा नाकाशी नेऊन परत पाटीत टाकायचं. दोन-तीन वर्षांत धाकूने होडी उपडी घातली आणि कळव्याच्या एका कारखान्यात वॉचमन लागला. सगुणा पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आणून कोपरीच्या बाजारात बसायला लागली. आवाज तिचा खणखणीत होता. स्टेशनवरून उतरणारा माणूस भाजी घ्यायला निघालेला असला तरी तिच्या हाकेने मान वळवायचा.

मंजुळा मॅट्रिक झाली, शिवणाचा क्लास केला आणि चौऱ्याऐंशी साली तिचं लग्न डोंबिवलीच्या परशुरामशी झालं. परशुराम एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत ऑपरेटर. मानपाड्याला दोन खोल्यांचा ब्लॉक, लाद्या बसवलेल्या, घरात नळ. पहिल्यांदा जाऊन आल्यावर सगुणा धाकूला म्हणाली, "नळ घरात हाय. उघडला का पाणी. बसल्या जागी."

"मग?" धाकू म्हणाला.

"मग काय? काय नाय."

पुढे फ्रीज आला. मंजुळाला मुलगी झाली. सगुणा दर खेपेला पापलेट घेऊन जायची, घरभर नजर फिरवायची आणि येताना तोंड पाडून यायची. बहिणीचं वाईट व्हावं असं तिला कधी वाटलं नाही. फक्त आपल्यालाही तेवढंच मिळावं असं वाटायचं, आणि ते मिळत नाही म्हटल्यावर तिचं थोडं कमी व्हावं, असं.

त्र्याण्णव साली ते कमी झालं. मंजुळा दूध तापवायला ठेवून समोर उभी असायची आणि दूध उतू जायचं. शिवणाचं मशीन बंद पडलं. आंघोळ करायला दुपार व्हायची, मग ती दुसऱ्या दिवसावर जायची. मुलीला शाळेसाठी तयार करताना मध्येच थांबून ती भिंतीकडे बघत बसायची. एकदा परशुरामला म्हणाली, "मी नसते तर तुमचं दोघांचं नीट चाललं असतं." तो घाबरला. आवडाबाईंनी आधी बाळकुमच्या एका भगताला दाखवलं. त्याने लिंबू-नारळ केले, त्याने काही झालं नाही. शेवटी कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि परशुराम बायकोला ठाण्याला नौपाड्यात डॉक्टर हरिहर यांच्याकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हे डिप्रेशन आहे, नैराश्याचा आजार आहे, आळस नाही आणि बाहेरचंही काही नाही. गोळ्या सुरू झाल्या.

तिसऱ्या दिवशी सगुणा मानपाड्याला गेली. मंजुळा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती आणि परशुराम तिच्या मागे बसून तिचे केस विंचरत होता. मोठे, गुंतलेले केस. तो एकेक बट हातात धरून आधी टोकाकडचा गुंता सोडवत होता, ओढ बसू नये म्हणून. स्वयंपाकघरात आवडाबाई भात घालत होत्या. त्या कपड्यांची पिशवी घेऊनच आल्या होत्या.

"आये, तू किती दिवस रहाणार?" सगुणाने विचारलं.

"बरी होईतो."

सगुणा दारातच उभी राहिली. तिच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. धाकू वाईट नवरा नव्हता, पण त्याने तिचे केस कधी हातात धरले नव्हते. आणि आई तिच्याकडे कधी पिशवी घेऊन आली नव्हती.

आई आली नव्हती, हे सगुणाला मोजूनमापून आठवत होतं. शहाऐंशी सालच्या दिवाळीत तिला मुलगी झाली ती मेलेलीच. थोरला जगन तेव्हा पाच वर्षांचा. बाळंतपणाचे दिवस संपल्यावर सगुणा बाजारात जाऊन बसली, पण आवाज फुटेना. पाटीपुढे बसायची आणि मासा तसाच परत आणायची. मग जाणंही सोडलं. घशाखाली घास उतरत नव्हता, पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. होळीपर्यंत ती अशीच होती. सासू तिला ऐदी म्हणाली. आवडाबाई एकदाच आल्या, तासभर बसल्या आणि म्हणाल्या, "सगल्यांचीच जातात गो पोरं. माजी नाय गेली दोन? ऊठ." होळीनंतर, कशामुळे ते तिलाही सांगता आलं नसतं, ती हळूहळू उठली. त्या दिवसांना कुणी नाव दिलं नाही, आणि ते संपल्यावर त्यांच्याविषयी कुणी बोललंही नाही.

आता मात्र मंजुळाच्या दुखण्याला डॉक्टर होता, नाव होतं, फाईल होती. आई आठ महिने राहिली. सगुणा दर आठवड्याला जायची, भाकऱ्या थापून द्यायची आणि बहिणीच्या उशाशी बसून बोलायची. "पडून राहिल्यानं कुणी बरं होतं का गो? माज्यासारखी डोक्यावर पाटी घे, बघ कशी झोप लागंल." मंजुळा कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची. परशुराम सगुणाला मंजुळासारखंच बाय म्हणायचा. तो एकदा शांतपणे म्हणाला, "बाय, डॉक्टरांनी सांगितलंय असं बोलू नका म्हणून." त्या दिवशी परतताना सगुणा रडली. तिला वाटलं, या घरात आता माझी जीभसुद्धा डॉक्टर ठरवणार.

गोळ्यांनी मंजुळा निम्मीशी सावरली. पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात डॉक्टर हरिहर यांनी परशुरामला सांगितलं की ते एक अभ्यास करताहेत. ठाण्यात एमआरआयचं मशीन आलेलं होतं, त्यात मेंदूचे फोटो निघतात. नैराश्य असलेली वीस माणसं आणि नैराश्य कधीच न झालेली वीस माणसं, दोन्हींच्या मेंदूचे फोटो काढून काही फरक दिसतो का ते बघायचं होतं. निरोगी माणसं शक्यतो त्याच वयाची, तशाच घरातली हवीत. "मंजुळाबाईंना एखादी बहीण आहे का?"

परशुरामने कोपरीला निरोप पाठवला तेव्हा त्याला वाटलं होतं, बाय नाही म्हणेल. सगुणा दुसऱ्याच दिवशी लुगडं बदलून नौपाड्यात हजर झाली.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत शीला मॅडम होत्या. त्या मानसशास्त्र शिकलेल्या, अभ्यासासाठी माणसांच्या मुलाखती घ्यायच्या. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, आवाज हळू. त्यांनी आधी कागद वाचून दाखवला. यात औषध नाही, सुई नाही, नको वाटलं तर कधीही नाही म्हणता येईल, नाव कुठे छापणार नाही. मग प्रश्न सुरू झाले. झोप कशी? भूक? डोक्याला मार? दारू?

"सगुणाताई, आता नीट आठवून सांगा. आयुष्यात कधी असं झालंय, की दोन आठवडे किंवा जास्त दिवस सतत उदास वाटतंय, कशात मन लागत नाही, जेवण जात नाही, पहाटे जाग येतेय, काम होत नाही?"

सगुणाला कळलं. एकेक शब्द तिच्या त्या दिवाळीपासून होळीपर्यंतच्या दिवसांचा होता. हो म्हटलं तर काय होईल हेही तिला कळत होतं, कारण निरोगीच माणसं पाहिजेत असं मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. हो म्हटलं तर इथून उठून घरी जायचं. मंजुळाचा फोटो निघेल आणि तिचा नाही.

"नाय," ती म्हणाली. "मला येल कुटं हाय असल्या गोष्टींना?"

शीला मॅडमनी कागदावर खूण केली. सगुणा निरोगी गटात गेली.

फोटोच्या दिवशी अंगावरचा सगळा धातू काढावा लागला. मंगळसूत्र, नथ, जोडवी. लग्नापासून हातातून न निघालेल्या बांगड्या साबण लावून काढताना नर्सने मदत केली. सोनं रुमालात बांधून तिने धाकूच्या हातात दिलं आणि धाकू ते छातीशी धरून बाकावर बसला. तिला पातळ झगा घालून फळीवर झोपवलं आणि फळी बोगद्यात सरकली. मग ठोके सुरू झाले. होडीच्या फळ्यांच्या सांधीत कापूस ठोकतात तसा आवाज, थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. हलायचं नाही असं बजावलेलं होतं.

बाहेर आल्यावर धाकूने विचारलं, "भ्यायलीस?"

"भ्यायची काय गोष्ट? अर्धा तास कुणी हाक मारली नाय," सगुणा म्हणाली. तिचा चेहरा खरंच ताजातवाना दिसत होता.

पंधरा दिवसांनी तिला मोठ्या पाकिटात एक काळी फिल्म आणि इंग्रजीतला एक कागद मिळाला. शीला मॅडमनी त्याचा अर्थ सांगितला, काही दोष दिसत नाही. सगुणाने ते पाकीट बाजारात नेलं. बर्फाच्या पेटीवर प्लास्टिक अंथरून ते ठेवलं आणि गिऱ्हाईक नसलं की शेजारणींना फिल्म उजेडात धरून दाखवायची. "हा माजा मेंदू. एकदम ओके. डाक्टरनी लिहून दिलंय." कुणी मंजुळाबद्दल विचारलं की ती मान हलवून म्हणायची, "तिचा पन काढलाय. आता बघायचं, काय निगतं ते." हे म्हणताना आवाजात काळजी आणायला तिला जरा प्रयत्न करावा लागायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी परीक्षेत ती पास झाली होती, आणि मॅट्रिक झालेली बहीण दुसऱ्या गटात होती.

पाकीट मानपाड्यालाही गेलं. सगुणाने ते तिथे फ्रीजवर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

दिवाळी उलटल्यावर परशुरामचा पुन्हा निरोप आला. मंजुळाचं परत बिनसलं होतं. सगुणा गेली तेव्हा परशुराम पहिल्या पाळीला गेला होता, मुलगी शाळेत. आवडाबाई कोपरीला परतून वर्ष झालं होतं. दोघीच होत्या. मंजुळाचे डोळे खोल गेले होते. सगुणाने डबा उघडला, खरबी माशाचं कालवण होतं, मंजुळाच्या आवडीचं. तिने हात लावला नाही.

"गोल्या घेत्येस ना?"

मंजुळा चादरीचा सुटलेला दोरा ओढत राहिली.

"मंजू, गोल्या?"

"दीड महिना झाला, नाय घेतल्या."

"का गो?"

"काय उपेग? फोटोत आलंय ते. मशीनमधी दिसलं, आता गोलीनं कसं जाईल?"

"फोटोत काय आलंय? तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? माजं पाकीट आतमधी हाय, मी उगडलं पन नाय. तुजं इथं फ्रीजवर होतं ना दोन आठवडे. काय दोष नाय, काय दोष नाय, सगल्या बिल्डिंगला सांगत होतीस. एकाच आईच्या पोटच्या आपण. तुला काय झालं नाय आणि मला झालं, म्हंजे माजाच मेंदू नासका ना?"

सगुणाने डबा खाली ठेवला. मंजुळा मात्र बोलत सुटली, कित्येक महिन्यांत बोलली नव्हती एवढं.

"लहानपणापासून मी तुलाच बघत्ये. तू हाक मारलीस का अख्खा बाजार वळायचा. तुला आये बरोबर घेऊन जायची, मला शाळेत सोडून यायची. तुम्ही दोघी बरोबर निगायच्या, बरोबर यायच्या, एका ताटात जेवायच्या. मी एकटी बसून कविता म्हणायचे. मोठ्यानं म्हणायचे, तुम्ही ऐकाल म्हणून. तुजी पोर गेली तरी तू उठून उभी राहिलीस. मला तर काय झालं पण नाय गो, आणि मी उठत नाय. तुजा मत्सर करून करून मी दमले, बाय."

सगुणाने पुढे बाजारातल्या शेजारणीला सांगितलं, की त्या क्षणी तिला बहिणीची दया वगैरे काही आली नाही. तिला धक्का बसला तो वेगळाच. ज्या ताटाचा हेवा आपण वीस-पंचवीस वर्षं केला, त्याच्यासमोर बसलेली बाई आपल्या ताटाकडे बघत होती. आणि तिने मत्सर केला तो एका खोट्या गोष्टीचा.

"मी उठून उभी नाय राहिले," सगुणा म्हणाली.

"काय?"

"पोर गेली तेव्हा. दिवाळीला गेली, मी होळीपर्यंत पडले होते. बाजारात जात नव्हते. धाकू जगनला न्हाऊ घालायचा. मला वाटायचं खाडीत जाऊन उभं राहावं आणि भरती येऊ द्यावी. तुला म्हाईत नाय, कारण तुला कुणी सांगितलं नाय. आयेला म्हाईत हाय."

"मग शीला मॅडमना?"

"खोटं बोलले."

मंजुळा सरळ होऊन बसली. सगुणाला वाटलं होतं, आता ती गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. मंजुळाचा चेहरा लाल झाला.

"म्हंजे तुला म्हाईत होतं? हे कसं असतं ते तुला म्हाईत होतं? आणि तू माज्या उशाशी बसून म्हणत होतीस, पाटी घे डोक्यावर, झोप लागंल?"

"मंजू..."

"तुला म्हाईत होतं आणि तरी बोललीस! दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी म्हटलं असतं, त्यांना काय कळतंय." तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा सगुणाच्या पुढे सरकवला. "जा तू."

सगुणा डबा घेऊन उठली. बहिणीने तिला घरातून काढायची ही पहिलीच वेळ. जिना उतरताना तिच्या मनात आलं, निदान ती ओरडली तरी. दोन वर्षांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

ती घरी गेली नाही. ठाण्याला उतरून पश्चिमेला गेली आणि डबा हातात घेऊनच नौपाड्याच्या दवाखान्यात जाऊन बसली. शीला मॅडम मोकळ्या झाल्यावर तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "मी नाय म्हटलं होतं ते खोटं. मला झालेलं. चार महिने."

शीला मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चिडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. "सगुणाताई, का?"

"मला पन फोटो पायजे होता."

शीला मॅडमनी दार लोटून घेतलं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि डॉक्टर हरिहरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी तिला रागावण्याऐवजी शहाऐंशी सालाबद्दल विचारलं. किती दिवस, काय काय वाटायचं, कशाने कमी झालं. कागदावर लिहूनही घेतलं. एवढ्या वर्षांत त्या चार महिन्यांबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारणारा माणूस खुर्ची पुढे ओढून बसला होता. ती सांगत राहिली. मुलीचं नाव काय ठेवणार होती, तेही तिने सांगितलं. बायजा.

मग डॉक्टर म्हणाले, "तुमचा फोटो आता निरोगी गटातून काढावा लागेल. एकोणीसच राहतील."

"मग तिच्या ढिगात टाका."

"तिथेही चालणार नाही. तिथे आत्ता आजारी असलेली माणसं आहेत. तुमचं होऊन गेलेलं आहे."

"म्हंजे मी कुठंच नाय?"

"या अभ्यासात नाही." डॉक्टरांनाच ते जड गेलं असावं, कारण त्यांनी लगेच विचारलं, "आम्ही नक्की काय बघतोय ते दाखवू का तुम्हाला?"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांनी मेंदूचे काप एकापाठोपाठ एक आणले आणि कानाच्या आतल्या अंगाला एक वाकडी, छोटी जागा बोटाने दाखवली. आठवणींचं काम ही जागा करते. परदेशात काही जणांना शंका आहे की फार दिवस नैराश्य असलेल्यांमध्ये ती थोडी लहान असते. तेच आम्ही मोजतोय. "एका माशावरून तिला नाव दिलंय. समुद्री घोडा. तुम्ही पाहिलाय का कधी?"

"घोडामासा?" सगुणाने पडद्याजवळ तोंड नेलं. "जाल्यात येतो की. सुकवून ठेवतात पोरं." तिने डोळे बारीक केले. "शेपटी बरोबर हाय. तोंड नाय तसं."

शीला मॅडम हसल्या. सगुणा हसली नाही.

"माजा लहान हाय का मंजुळाचा?"

"ते मी सांगू शकत नाही."

"सांगत नाय का येत नाय सांगता?"

"येत नाही," डॉक्टर म्हणाले. "खरंच सांगतो. वीस जणांची सरासरी आणि वीस जणांची सरासरी ठेवली तर कदाचित केसाएवढा फरक दिसेल, कदाचित तोही नाही. पण एकाच माणसाचा फोटो घेऊन, हा आजारी आहे का, बरा होईल का, हे जगात कुणालाच सांगता येत नाही. फोटोंवर नावं नाहीत, नंबर आहेत. तुमचा आणि मंजुळाबाईंचा शेजारी ठेवला तर मला ओळखता येणार नाही."

"पन तिला वाटतं तिचा नासका हाय. तिनं गोल्या सोडल्या."

डॉक्टर खुर्चीत ताठ झाले. "कधीपासून?"

"दीड महिना."

डॉक्टर हरिहर दुसऱ्या दिवशी दुपारी शीला मॅडमना घेऊन मानपाड्याला गेले. त्यांनी आपला दोष मान्य केला, की फोटो काढला आणि त्याचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, ते घरी नीट समजावलंच नव्हतं. मंजुळाचं न उघडलेलं पाकीट त्यांनी तिच्यासमोर उघडलं. आतल्या कागदावर तेच वाक्य होतं, शब्दाला शब्द, काही दोष दिसत नाही. मंजुळाने ते तीनदा वाचलं. इंग्रजी तिला वाचता येत होतं. मग म्हणाली, "मग मला काय झालंय ते दिसतच नाय का ह्यात?"

"अजून नाही," डॉक्टर म्हणाले. "झालंय मात्र खरं."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. या खेपेला सावरायला सहा महिने लागले. सगुणाशी ती त्यातले चार बोलली नाही. सगुणा दर आठवड्याला जायची, दारातून डबा द्यायची आणि परत यायची. पाचव्या महिन्यात मंजुळाने डबा घेताना विचारलं, "पहाटेची जाग तुला पन यायची?"

"तीनला," सगुणा म्हणाली.

"मला साडेतीनला," मंजुळा म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

अभ्यास सत्त्याण्णव साली संपला. शीला मॅडमनी दोघींना बोलावून सांगितलं, की आजारी गटात ती जागा सरासरीने जराशी लहान निघाली, पण एवढ्या थोड्या माणसांवरून ठाम काही म्हणता येत नाही, आणखी मोठे अभ्यास व्हायला हवेत. मंजुळाने दोन-चार प्रश्न विचारले. सगुणा बसल्या जागी अस्वस्थ होती. एकोणीस माणसांच्या त्या निरोगी गटाबद्दल बोलणं चाललं होतं आणि त्यात ती नव्हती, ही बोच तिला अजूनही होती.

अठ्ठ्याण्णव साली गणपतीनंतर तिला पुन्हा तसंच व्हायला लागलं. या वेळी कारणही नव्हतं. जगन कामाला लागला होता, धाकूची प्रकृती ठीक होती. पाटीपुढे बसून आवाज फुटेना, तशी आठवड्याभरातच ती धाकूला म्हणाली, "चल नौपाड्याला." धाकूने काही विचारलं नाही, शर्ट घातला.

मंजुळा तेव्हा मानपाड्यात एका बालवाडीत शिकवायला लागली होती आणि दोन महिन्यांतून एकदा डॉक्टरांना दाखवायला ठाण्याला यायची. तिला हे कळलं तशी ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? म्हणाली, "माजाच डॉक्टर मिळाला का तुला? तुला सगळं माजंच पायजे."

"तुजा कसला? मी त्याला घोडामासा शिकवला," सगुणा म्हणाली. आवाज बारीक होता, पण बोलली.

दोघींनी वार वाटून घेतले. सगुणा मंगळवारी जायची, मंजुळा गुरुवारी. चुकून दोघी एकाच वारी गेल्या तर परशुराम आणि धाकू बाहेर बाकावर बसायचे, आणि आत कोण जास्त वेळ बसली याचा हिशेब दोघी घरी जाईपर्यंत करायच्या. सगुणा त्या हिवाळ्यात लवकर उठली, संक्रांतीच्या आधीच. पहिल्या दिवशी बाजारात तिचा आवाज नीट लागला नाही. दुसऱ्या दिवशी बोंबील होते, ताजे, आणि स्टेशनकडून येणाऱ्या दोन बायका तिच्या हाकेने थांबल्या.